बिलाच्या आधी घडणारी खरेदी

कंपनीची खरेदी हिशेबाच्या वहीत ज्या दिवशी उतरते, त्या दिवशी तिच्याबाबत ठरवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. कोणती वस्तू घ्यायची, किती घ्यायची, कोणाकडून, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर, हे सारे त्याआधी काही दिवस, प्रसंगी काही महिने, ठरून गेलेले असते आणि बिल ही त्या निर्णयांची अखेरची लेखी खूण असते. अनेक मध्यम उद्योगांत मात्र खरेदीचे व्यवस्थापन मुळात दुसऱ्या कामासाठी घडवलेल्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले आढळते: हिशेब लिहिण्याची पॅकेजे, ओळी-रकान्यांचे तक्ते मांडणाऱ्या स्प्रेडशीट, आणि कारखान्याचे सर्व विभाग एकाच माहितीसाठ्याला जोडू पाहणाऱ्या ईआरपी प्रणाली. या साधनांचा उपयोग मोठा आहे आणि त्यांच्याविना आजचा उद्योग चालणे अवघड आहे. तरीही खरेदीच्या बाबतीत ती तोकडी पडतात, कारण ती झालेला व्यवहार नोंदवतात आणि त्या व्यवहारामागचा निर्णय त्यांच्या नजरेबाहेर राहतो.

हे समजून घेण्यासाठी कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाचे उदाहरण सोयीचे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रींत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत, वाहनांचे, पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग तयार होतात. अशा कारखान्याच्या खरेदीत दोन अगदी निराळ्या जातींचा माल असतो. एकीकडे पिग आयर्न, पोलादी भंगार, फेरोसिलिकॉन, कोक, वाळू, बेंटोनाइट आणि रेझिन हा माल थेट उत्पादनात खर्ची पडतो. दुसरीकडे ग्राइंडिंग व्हील, बेअरिंग, पट्टे, हातमोजे, प्रयोगशाळेतील रसायने, क्रेनची दुरुस्ती आणि भट्टीच्या अस्तराचे काम अशा शेकडो बारीकसारीक गोष्टी येतात. पहिल्या जातीत रक्कम मोठी आणि वस्तू मोजक्या, दुसरीत रक्कम लहान आणि वस्तू असंख्य. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील आपल्या गाजलेल्या लेखात खरेदीच्या वस्तूंची विभागणी दोन कसोट्यांवर केली होती, त्यांपैकी एक म्हणजे त्या वस्तूचा नफ्यावर होणारा परिणाम आणि दुसरी म्हणजे तिच्या पुरवठ्यातील जोखीम. त्या विभागणीनुसार फेरोसिलिकॉन आणि हातमोजे यांच्या खरेदीची रीत, तिला द्यायचा वेळ आणि पुरवठादाराशी ठेवायचे नाते ही सर्व वेगवेगळी असायला हवीत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती दोन सारखीच व्हाउचरे असतात.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. असे होणे हा हिशेबशास्त्राच्या स्वभावाचा भाग आहे. द्विनोंदी पद्धतीत, म्हणजे प्रत्येक व्यवहार नामे आणि जमा अशा दोन बाजूंनी लिहिण्याच्या ज्या पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केले तिच्यात, नोंद तेव्हाच होते जेव्हा देणे किंवा येणे प्रत्यक्ष उत्पन्न होते. पुरवठादाराला दिलेली पर्चेस ऑर्डर, म्हणजे ठरावीक माल ठरावीक दराने घेण्याचे लेखी वचन, हा त्या अर्थाने व्यवहारच नव्हे, कारण माल अजून आलेला नसतो. म्हणून एखाद्या फाउंड्रीने पुढील दोन महिन्यांसाठी चाळीस लाख रुपयांच्या ऑर्डरी दिलेल्या असल्या, तरी तिच्या खतावणीत त्या रकमेचा मागमूस दिसत नाही. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार यंत्रे आणि इमारतींसारख्या भांडवली खर्चाच्या अपुऱ्या करारांची रक्कम ताळेबंदाच्या टिपांत द्यावी लागते, पण ती वर्षाअखेरीस आणि बाहेरच्या वाचकासाठी असते. रोज खरेदीला मंजुरी देणाऱ्याला आज किती रक्कम शब्दाने बांधली गेली आहे हे कळायला हवे, आणि नेमका तोच आकडा हिशेबाच्या वहीत नसतो.

भारतात १९८६ पासून रुळलेल्या टॅलीसारख्या पॅकेजांत पर्चेस ऑर्डरची, माल आल्याच्या नोंदीची आणि नाकारलेला माल परत पाठवण्याचीही व्हाउचरे आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. ती नीट वापरली तर प्रलंबित ऑर्डरींची यादी मिळते. तथापि खरेदीची साखळी ऑर्डरपासून सुरू होत नाही. ती सुरू होते इंडेंटपासून, म्हणजे भट्टी, साचेकाम किंवा देखभाल विभागाने स्टोअरकडे पाठवलेल्या मागणीपासून. मग शिल्लक साठा पाहिला जातो, दरपत्रके मागवली जातात, त्यांचा तुलनात्मक तक्ता केला जातो, पुरवठादाराशी बोलणी होतात आणि मग मंजुरी मिळते. या टप्प्यांसाठी सर्वसाधारण पॅकेजमध्ये तयार जागा क्वचितच असते. त्यामुळे मागणी तोंडी किंवा चिठ्ठीवर येते, दर फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ठरतात, मंजुरी ईमेलमध्ये किंवा कागदाच्या कोपऱ्यावरील सहीत अडकते आणि संगणकात शिरतो तो केवळ निष्कर्ष.

निष्कर्ष तेवढा उरला आणि कारणे हरवली की काय होते, हे दरांच्या तुलनेत स्पष्ट दिसते. समजा, फेरोसिलिकॉनसाठी दोन दरपत्रके आली. पहिल्या पुरवठादाराचा दर किलोला ९६ रुपये आहे, पण माल त्याच्या गोदामातून उचलायचा, वाहतूक साडेतीन रुपये आणि रक्कम आगाऊ द्यायची. दुसऱ्याचा दर १०० रुपये आहे, माल कारखान्यात पोहोचवून देण्याची जबाबदारी त्याची आणि उधारी ४५ दिवसांची. व्हाउचरमधील दराचा रकाना पाहिला तर पहिला चार रुपयांनी स्वस्त ठरतो. वाहतूक मिळवली की त्याचा दर ९९ रुपये ५० पैसे होतो, आणि कंपनीचे खेळते भांडवल वार्षिक १२ टक्के व्याजाचे असेल तर दीड महिन्याचे सुमारे १ रुपया ४४ पैसे व्याज धरून तो १०० रुपये ९४ पैशांवर जातो. माल दारात येईपर्यंतचा, पैशाच्या वेळेसह मोजलेला हा खरा दर म्हणजे व्यापारी भाषेतील लँडेड कॉस्ट. पॅकेजमध्ये मात्र दर एका व्हाउचरमध्ये, वाहतूक दुसऱ्या खात्यात आणि व्याज बँकेच्या खात्यात पडते. तिन्ही आकडे अचूक असतात, पण एका किलो मालाशी त्यांची गाठ कोणी घालत नाही. पुरवठादार जीएसटीच्या आपसमेळ योजनेतील, म्हणजे कंपोझिशनवाला, असेल तर तो बिलावर कर आकारू शकत नाही आणि खरेदीदाराला करजमाही मिळत नाही, त्यामुळे त्याच्या दराची तुलना इतरांच्या करविरहित दराशीच करावी लागते. हा हिशेब अनुभवी खरेदी अधिकारी मनात करतो. तो अधिकारी नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर तीन वर्षांच्या निर्णयांची कारणेही जातात.

१ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांना हिशेबासाठी असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. ही सुधारणा महत्त्वाची आहे, कारण मागील तारखेचे गुपचूप फेरफार तिने कठीण केले. परंतु ती नोंद सांगते ते इतकेच, की अमुक व्हाउचर अमुक वेळी बदलले गेले. तीन दरपत्रकांपैकी दुसरे का स्वीकारले, किंवा तिसरे मागवलेच का नाही, हे विचारण्याची सोय तिच्यात नाही, आणि खरेदीतील गैरव्यवहार बहुधा याच टप्प्यावर घडतात. व्यवस्थापकाला एक लाखापर्यंत मंजुरीचा अधिकार असेल तर अडीच लाखांची मागणी तीन ऑर्डरींत तोडून त्याच आठवड्यात त्याच पुरवठादाराला देता येते. प्रत्येक व्हाउचर मर्यादेत बसते, आणि मर्यादा एका व्हाउचरला लावलेली असल्यामुळे सॉफ्टवेअरला काहीही खटकत नाही.

देयक देण्यापूर्वीची मान्य तपासणी म्हणजे तिहेरी पडताळणी. तीत पर्चेस ऑर्डर, माल आल्याची पावती, जिला सर्वत्र जीआरएन म्हणतात, आणि पुरवठादाराचे बिल या तीन कागदांतील वस्तू, नग आणि दर जुळवले जातात. बेअरिंगसारख्या मोजून घ्यायच्या मालासाठी ही तपासणी उत्तम आहे. फाउंड्रीच्या मुख्य मालाला ती पुरत नाही. कोक वजनावर विकला जातो आणि तो ओलावा धरून ठेवतो. ठरलेल्या प्रमाणापेक्षा पाच टक्के जास्त ओलावा असलेला वीस टनांचा ट्रक आला तर कारखान्याने एक टन पाण्याचे पैसे कोकच्या दराने मोजले असा त्याचा अर्थ होतो. ऑर्डर वीस टनांची, काट्याची पावती वीस टनांची, बिलही वीस टनांचे, तिन्ही कागद तंतोतंत जुळतात आणि तरी नुकसान झालेले असते. भंगारातील माती आणि गंज, पिग आयर्नमधील सिलिकॉन आणि फॉस्फरसचे प्रमाण, फेरोसिलिकॉनच्या ढेकळांबरोबर आलेला चुरा, या प्रत्येकासाठी दरात किंवा वजनात कपात करण्याची अट व्यापारात असते, पण ती कपात प्रयोगशाळेच्या अहवालावर अवलंबून असते. हिशेबाच्या पॅकेजमध्ये अहवालाला रकाना नसतो, आणि असला तरी त्यातील टक्केवारीवरून बिलाची रक्कम आपोआप घटत नाही. मग स्टोअरमधून लेखा विभागाकडे चिठ्ठी जाते, तेथे डेबिट नोट, म्हणजे पुरवठादाराच्या खात्यातून रक्कम वळती करण्याचे पत्र, हाताने तयार होते. चिठ्ठी उशिरा पोहोचली आणि पैसे आधी गेले, तर कपात पुढील बिलापर्यंत लटकते. कारखान्याच्या नफ्यातून नकळत पाझरणाऱ्या रकमांमध्ये या कपातींचा क्रम वरचा लागावा.

दुसऱ्या जातीच्या मालात अडचण नावांची आहे. ६२०४ क्रमांकाचे बॉल बेअरिंग जगभर एकाच मापाचे असते: आतील व्यास २० मिलिमीटर, बाहेरील ४७ आणि रुंदी १४. त्याच्यावर धातूच्या झाकणाचे प्रकार आणि रबरी सीलचे प्रकार वेगळे. स्टोअरमधील एका कर्मचाऱ्याने ते ‘६२०४ झेडझेड’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘बेअरिंग बॉल ६२०४’, तिसऱ्याने ‘मोटरचे बेअरिंग २०-४७’ असे लिहिले, तर सॉफ्टवेअरसाठी त्या तीन वस्तू झाल्या. एका नावाखाली बारा नग पडून असताना दुसऱ्या नावाने तातडीची खरेदी होते, वर्षभराची एकूण गरज कोठेच एकत्र दिसत नाही आणि म्हणून वार्षिक दर ठरवून घेण्याची संधीही हुकते. पुरवठादारांच्या यादीचेही असेच होते. एकच व्यापारी पेढीच्या नावाने, मालकाच्या नावाने आणि किंचित वेगळ्या अक्षरलेखनाने तीनदा नोंदलेला सापडतो. मापांच्या एककांची गुंतागुंत याहून किचकट आहे, कारण नट-बोल्ट किलोवर येतात आणि नगावर दिले जातात, पोलादी सळई टनावर येते आणि कापली जाते मीटरवर. पॅकेजमध्ये पर्यायी एकक ठरवता येते, पण ते सहसा एका ठरावीक गुणोत्तराने चालते, आणि प्रत्यक्षातले गुणोत्तर मालाच्या मापाप्रमाणे बदलते.

या सर्व उणिवा भरून काढण्यासाठी हाताशी असते स्प्रेडशीट. लवचीकता हे तिचे बळ आणि तिची दुर्बलताही तीच. दरांचा तुलनात्मक तक्ता एक्सेलमध्ये पंधरा मिनिटांत होतो, परंतु तो कोणाच्या संगणकावर आहे, त्याची शेवटची आवृत्ती कोणती आणि त्यातील सूत्र कोणी बदलले हे सहज सांगता येत नाही. वस्तू क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये ती गाळून टाकते आणि ‘१०-१२’ असा ड्रॉइंग क्रमांक टाकला तर त्याची तारीख करते. जनुकांच्या नावांचेही असेच तारखांत रूपांतर होत असल्यामुळे २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही नावेच बदलली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण गळाल्याचे उघड झाले, कारण जुन्या एक्सेल नमुन्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. फाउंड्रीचा तक्ता इतका मोठा होत नाही. तेथे धोका उलट लहान असतो, एखादी ओळ खाली घसरते आणि एका पुरवठादाराचा दर दुसऱ्याच्या नावासमोर जातो.

मोठ्या कंपन्यांचे उत्तर ईआरपी हे असते आणि या उत्तरालाही स्वतःचा इतिहास आहे. या प्रणालींचे मूळ सामग्रीच्या गरजेचे नियोजन करणाऱ्या पद्धतीत, म्हणजे एमआरपीमध्ये आहे, जिचे सविस्तर विवेचन जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ मधील ग्रंथात केले. एका पंपासाठी कोणते भाग किती लागतात याची यादी, विक्रीचा अंदाज आणि हातचा साठा यांवरून कोणती वस्तू कधी मागवायची हे ती काढते. जर्मनीत १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी स्थापन केलेल्या एसएपीने अशा कामांना लेखा, विक्री आणि मनुष्यबळाशी जोडले, आणि १९९० मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने या वर्गाला ईआरपी हे नाव दिले. उत्पादनाच्या यादीत जे जे आहे त्याच्या खरेदीसाठी ही प्रणाली समर्थ आहे. पण क्रेनची दुरुस्ती कोणत्याही पंपाच्या यादीत नसते. भट्टीचे अस्तर बदलण्याच्या कामाला नग नाहीत, वजन नाही. काम पूर्ण झाले आणि नीट झाले हे देखभाल अभियंत्याने सांगायचे असते, आणि ते सांगण्याची रीत मालाच्या पावतीहून पूर्णपणे भिन्न असते. शिवाय वर्षातून दोनदा मागणी करणाऱ्या अभियंत्याला गुंतागुंतीचे पडदे उघडून कोड शोधणे जड जाते, म्हणून तो फोन करतो, माल येतो आणि पर्चेस ऑर्डर बिल आल्यानंतर मागील तारखेने बनते. एसएपीने स्वतःचे खरेदीचे भाग असतानाही २०१२ मध्ये केवळ खरेदीसाठी सॉफ्टवेअर बनवणारी अरिबा ही कंपनी सुमारे ४.३ अब्ज डॉलरना विकत घेतली, यावरून ही दरी त्या क्षेत्रातील अग्रणींनाही किती रुंद वाटत होती याची कल्पना येते.

भारतातील कायद्याने अलीकडे या प्रश्नाला नवी धार आणली आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराप्रमाणे, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये भर घातली आणि मुदतीनंतर दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून मान्य होईल असे ठरवले. त्यामुळे देयकाची मुदत हा करनियोजनाचा भाग बनला. आता मुदत मोजायची ती माल स्वीकारल्याच्या दिवसापासून, आणि तो दिवस म्हणजे माल पोहोचल्याचा दिवस. पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल तर ती हरकत पुरवठादाराने दूर केल्याचा दिवस. हिशेबाचे पॅकेज उधारीचे दिवस सामान्यतः बिलाच्या तारखेपासून मोजते. बिलाची तारीख, ट्रक फाटकात आल्याची तारीख, तपासणी संपल्याची तारीख आणि हरकतीचे पत्र गेल्याची तारीख या चार वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांपैकी पहिली लेखा विभागाला ठाऊक असते आणि उरलेल्या तीन स्टोअर, गुणवत्ता आणि खरेदी विभागांकडे विखुरलेल्या असतात. पुरवठादार कोणत्या वर्गात मोडतो हेही स्थिर नसते. १ जुलै २०२० पासून अशा उद्योगांसाठी उद्यम नोंदणी आली आणि १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा २५ कोटींची गुंतवणूक आणि १०० कोटींची उलाढाल अशी वाढवण्यात आली, म्हणजे ज्याला ही मुदत कालपर्यंत लागू नव्हती असा पुरवठादार आज तिच्या कक्षेत आलेला असू शकतो. पॅकेजमध्ये वर्ग लिहिण्याची सोय असली तरी तो कोणत्या तारखेपासून लागू आहे ही माहिती सहसा कोणी ठेवत नाही.

जीएसटीच्या बाबतीत चित्र थोडे बरे आहे. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने आपल्या विवरणात बिल दाखवले असेल तरच खरेदीदाराला करजमा मिळते, आणि दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी विवरणाशी वहीतील बिले जुळवण्याचे काम अनेक पॅकेजे आता चांगल्या प्रकारे करतात. उणीव राहते ती त्या माहितीच्या परतीच्या प्रवासात. एखादा पुरवठादार वारंवार विवरण उशिरा भरतो हे लेखा विभागाला दर महिन्याला कळते, पण पुढची ऑर्डर काढणाऱ्याच्या पडद्यावर ते उमटत नाही, आणि १८ टक्के कराइतकी रक्कम अडकण्याचा धोका असलेला तोच पुरवठादार किलोमागे पन्नास पैशांनी स्वस्त म्हणून पुन्हा निवडला जातो.

केवळ खरेदीसाठी बनवलेली सॉफ्टवेअर इंडेंटपासून देयकापर्यंतची साखळी एका धाग्यात धरतात. तुलनात्मक तक्ता, मंजुरी आणि तिचे कारण ऑर्डरलाच जोडून ठेवतात, मर्यादा एकत्रित रकमेला लावतात आणि पुरवठादाराला स्वतःची कागदपत्रे अद्ययावत करण्याची जागा देतात. सरकारने आपल्या खरेदीसाठी २०१६ मध्ये जीईएम हा स्वतंत्र मंच उभारला, तोही खरेदीला वेगळे साधन लागते याचेच उदाहरण. तथापि ही साधने सर्वांसाठी नाहीत. ती हिशेबाच्या पॅकेजशी जोडावी लागतात, आणि तो जोड कच्चा असेल तर एकच बिल दोनदा लिहिण्याचे काम वाढते; वस्तूंच्या यादीत बेअरिंगची तीन नावे असतील तर नव्या प्रणालीतही ती तीनच राहतात. ज्या फाउंड्रीत मालक स्वतः दर ठरवतो, स्टोअर एकच आहे आणि महिन्याला पन्नास-साठ ऑर्डरी निघतात, तेथे आधीचेच पॅकेज नेटाने वापरणे अधिक शहाणपणाचे ठरते: वस्तूंची नावे एका नियमाने लिहिणे, ट्रक आला त्याच दिवशी आवक नोंदवणे, दरपत्रके आणि निवडीचे दोन ओळींचे कारण ऑर्डरला जोडणे, पुरवठादाराचा उद्यम वर्ग तारखेसह ठेवणे. मागणी करणारे विभाग वाढले, दुसरा कारखाना उभा राहिला आणि मंजुरी देणारा व मालाची गरज असणारा एकमेकांना रोज भेटेनासे झाले, की वेगळ्या प्रणालीचा विचार सुरू करण्याची वेळ येते, आणि त्या वेळी विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हा असतो की ओलाव्याच्या अहवालावरून कोकच्या बिलातील कपात ती प्रणाली आपोआप करते का, आणि मुदत ती कोणत्या तारखेपासून मोजते.